पाणलाव्याचा पत्ता

प्रदर्शनाला लोक चित्रं बघायला येतात, हा माझा भाबडा समज होता. आमच्या रायपुरात लोक प्रदर्शनाला येतात ते चौकशी करायला. क्षमाच्या दालनात शिरले की विचारतात, "हे काय आहे?" आणि माझ्या दालनात शिरले की विचारतात, "हे कुठे आहे?" पहिल्याच दिवशी माझं डोकं उठलं. फोटोतल्या पाखराकडे धड बघायचं नाही, खालच्या पट्टीवर वाकायचं, तिथे 'रायपूर जिल्हा' एवढंच लिहिलेलं बघून तोंड वाकडं करायचं आणि मग मला धरायचं: "ते ठीक आहे, पण नेमकं कुठे?"

यात नवल नाही म्हणा. आम्ही इथले मराठी लोक मुळातच असे. आजोबा-पणजोबा विदर्भातून येऊन कोणी रेल्वेत, कोणी सरकारी कचेरीत चिकटले आणि इथलेच झाले. तरी दोन मराठी माणसं समोर आली की नाव विचारायच्या आधी गाव विचारतात. भंडारा की गोंदिया, गोंदिया तर कोणता मोहल्ला, आणि तिथल्या अमक्याला ओळखता का. हे सगळं जागच्या जागी बसल्याशिवाय समोर माणूस उभा आहे यावर आमचा विश्वासच बसत नाही. मग पाखरावर कसा बसणार?

मी पूर्णिमा. आठवडाभर विम्याच्या कचेरीत टेबलाशी बसते आणि रविवारी पाखरांमागे चिखलात लोळते. क्षमा माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती एका शाळेत चित्रकला शिकवते आणि घरी मोठमोठे कॅनव्हास रंगवते, काळे, गंजाच्या रंगाचे, ज्यात घर-झाड-डोंगर असं काही शोधून सापडत नाही. शहरात एका बड्या उद्योगपतीनं खासगी कलासंग्रहालय काढलं, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकांनी, म्हणजे दिवाकर सरांनी, आम्हा दोघींचं एकत्र प्रदर्शन ठरवलं. एका दालनात माझे निसर्गाचे फोटो, शेजारच्या दालनात तिची चित्रं. आम्ही दोघी आठवडाभर हवेत होतो. इतक्या वर्षांत आमचं कोणी काही भिंतीवर लावलं नव्हतं, घरच्यांनीसुद्धा नाही.

अट एकच होती. दिवसभर दालनात कलाकारानं किंवा त्याच्या घरच्या कोणीतरी बसायचं. क्षमाची शाळा, माझी कचेरी. रजा मागितली तर साहेब म्हणाले, उद्घाटनाच्या दिवशी घ्या. तेव्हा बाबा म्हणाले, "मी बसतो ना. मले काय काम हाय?"

इथेच माझं चुकलं. माझे बाबा, यशवंतराव, रायपूर स्टेशनवर पूछताछ खिडकीत होते. सगळी नोकरी त्यांनी त्या जाळीमागे काढली. कोणती गाडी, कोणता प्लॅटफॉर्म, पूल कुठे, पाणी कुठे, दवाखान्यात जायला रिक्षा कुठून. स्टेशनबाहेरचंही सांगायचे. माणसाला रस्ता सांगून पाठवलं की त्यांना जेवल्यासारखं वाटायचं. निवृत्त झाल्यावर घरातली खिडकी तशी कामाची नव्हती. गल्लीत कोणी नवा माणूस घर शोधताना दिसला की हे चप्पल घालून खाली उतरायचे. अशा माणसाला मी प्रश्न विचारणाऱ्या लोकांच्या मधोमध नेऊन बसवलं.

आणि नेमका तोच फोटो मधल्या भिंतीवर. रंगीत पाणलाव्याचा नर, धानाच्या पाण्यातून पहाटे बाहेर येताना, एक पाय उचललेला, पंखांवर सोनेरी ठिपके. उद्घाटनाच्या आदल्याच रविवारची, सप्टेंबरातली गोष्ट. अभनपूरच्या पुढे एका शेताच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, पाण्याकाठच्या गवतात, मला तो दिसला. बाबा माझ्याबरोबर होते, गाडीत डबा धरून बसायला. मी पोटावर सरकत सरकत फोटो घेतला, आणि नंतर दुर्बिणीतून बघताना कळलं की तो सारखा एकाच जागी का परततोय. गवतात चार अंडी होती.

"मादी कुठं गेली?" बाबांनी विचारलं.

"गेली. यांच्यात मादी अंडी घालून निघून जाते. नर बसतो अंड्यांवर, पिल्लंही तोच वाढवतो."

बाबा बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिले. "म्हणजे आपल्या घरासारखं हाय," ते म्हणाले. "तू कामावर जातं, मी वरणभात करतो." आई गेल्यापासून आमचं असंच चाललंय. त्या दिवसापासून तो पाणलावा बाबांचा झाला. घरी रोज एकदा तरी विचारायचे, बसला असेल का गं तो, पाणी वाढलं असेल का.

मी तेव्हाच त्यांना बजावलं होतं. घरट्याचा फोटो लावायचा नाही, जागा सांगायची नाही. लोक गेले, गर्दी झाली की नर अंडी सोडून जातो आणि कावळे टपलेलेच असतात. पिल्लं निघेपर्यंत, म्हणजे प्रदर्शन संपेपर्यंत, गप्प राहायचं, एवढंच. पिल्लं निघाली की ती लगेच चालायला लागतात, मग कोणी काही करू शकत नाही.

"नाई सांगत," बाबा म्हणाले. आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, हेच तर दुःख आहे.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या संध्याकाळी मी कचेरीतून तडक संग्रहालयात गेले. जिना चढतानाच बाबांचा आवाज ऐकू आला. त्यांचा आवाज असा की कितीही गोंगाट असला तरी शेवटच्या माणसाला कळावं.

"अभनपुर से आगे नहर मिलेगी. नहर पार नहीं करना. किनारे किनारे जाना. बाएँ हाथ पे पीपल, और पीपल के बाद दूसरा खेत."

समोर एक कुटुंब माना डोलवत उभं होतं. मी त्यांना हसून वाटेला लावलं आणि बाबांना कोपऱ्यात घेतलं.

"बाबा, तुम्ही कबूल केलं होतं."

"त्यायनं विचारलं ना, पूर्णे."

"विचारणारच. तुम्ही सांगायचं नाही."

"विचारलं तर सांगा लागते. माणूस समोर उभा राहून विचारून राह्यला, अन् मी काय तोंड फिरवून बसू?"

"फिरवा. खुशाल फिरवा. माहीत नाही म्हणा."

"माहीत नाई म्हणू?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगतेय. "मले माहीत हाय ना पण."

मी दिवाकर सरांकडे गेले. म्हटलं, दालनात एक पाटी लावा, जागेबद्दल विचारू नये. दिवाकर सर मूळचे नागपूरकडचे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देतात. ते खूश होऊन म्हणाले, "मैडम, मैं तो उल्टा सोच रहा था. पब्लिक इतना पूछ रही है, तो एक बड़ा सा मैप लगा देते हैं. लोगों को कनेक्ट फील होगा."

मी त्यांना पहिल्यापासून सगळं समजावलं. नर, अंडी, कावळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अच्छा, अंडे भी हैं? ये तो लेबल में आना चाहिए." मी तिथून उठले, नाहीतर टेबलावरचा पेपरवेट उचलला असता.

शेवटी क्षमानंच तोड काढली. "काकांना माझ्या दालनात बसव. माझ्या चित्रांचा पत्ता द्यायला त्यांच्याकडे काही नाही."

हा तिचा गैरसमज. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर बाबा तिच्या सगळ्यात मोठ्या चित्रासमोर उभे, भोवती घोळका. क्षमाला कोणी "हे काय आहे?" विचारलं की ती आपली म्हणायची, "तुम्हाला काय दिसतं?" आणि लोक चिडून निघून जायचे. बाबांकडे असली भानगड नव्हती. काळ्या पट्ट्यावर बोट ठेवून ते उरला या कारखान्यांच्या वस्तीकडे जाणारे रूळ दाखवत होते, "ये उरला की साइडिंग है. ये मेन लाइन, ये लूप, ये कारखाने में गई. और ये लाल धब्बा सिग्नल है." घोळका हो हो म्हणत होता. कोणी म्हणालं, अरे हाँ, बिलकुल वही है.

क्षमा दारात हाताची घडी घालून उभी होती. "मी त्यात माझ्या आजीचं दुखणं रंगवलं होतं गं," ती म्हणाली. "आता मलाही साइडिंगच दिसायला लागलंय." तिला हसू येत होतं आणि राग पण, आणि मी मात्र सुखावले, कारण निदान धुऱ्याचं नाव तरी निघत नव्हतं. तिच्या आजीच्या दुखण्यापेक्षा मला तेव्हा ती चार अंडी जास्त मोलाची होती, खोटं कशाला बोलू.

शनिवारी दुपारी कचेरीत मीरा माझ्या टेबलाशी आली. मीरा आमच्याकडे दाव्यांचं काम बघते आणि बाकी वेळ फोन बघते. "दीदी, ये आपके पापा हैं ना?"

रील होतं. कोण्या पोरीनं काढलेलं, वर ठळक अक्षरात: रायपुर का सीक्रेट बर्ड स्पॉट. बाबा माझ्या फोटोसमोर उभे होते, इस्त्रीचा शर्ट, ताठ मान. नहर, पीपल, दूसरा खेत. थांबले नाहीत. पुढे म्हणाले, "अंडे भी हैं, चार. बाप बैठता है अंडे पे. जाके देख लो." आणि खाली लोकांच्या प्रतिक्रियांची रांग: कल संडे है, चलो. सुबह चलते हैं. फैमिली के साथ जा सकते हैं क्या?

मी बाकीचं काम कसं केलं मला आठवत नाही. घरी पोचले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

त्यांनी बघितलं. चाकू खाली ठेवला. "ते पोट्टी विचारत होती."

"ती विचारत होती म्हणून? मी तुम्हाला त्या दालनातून उठवलं होतं बाबा. तुम्ही परत तिथे काहून गेले?"

त्यांनी चिरलेली भाजी ताटलीत सारली.

"उद्या तिथे जत्रा भरेल. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलं? तो रोज बसला असेल का म्हणून विचारता ना? उद्या नाही बसणार तो. तुमच्यामुळे नाही बसणार."

मी हे ओरडून बोलले. शेजारी ऐकत असतील तर ऐकू देत, असं वाटत होतं.

बाबा ओट्याकडे बघत म्हणाले, "त्या पोट्टीसंगं एक माणूस होता. सगळ्यायसमोर म्हणे, ये सब नेट से उठाते हैं. म्हणे, ऐसी चिड़िया अपने यहाँ होती ही नहीं. मॅडमनं नेटवरून उचलला अन् आपलं नाव टाकलं. लोकं हसले."

"मग?"

"मग काय? तू त्या चिखलात पोटावर पडून होती. जळवा लागल्या होत्या तुया हाताले, मी काढल्या. अन् तो म्हणे नेटचा हाय. मी आयकून घेऊ?"

"हो, ऐकून घ्यायचं. मला काय फरक पडतो?"

"मले पडते," बाबा म्हणाले. "म्हणून मी त्याले सगळं सांगितलं. म्हटलं, जा, आपल्या डोळ्यानं पाहून ये."

इतका वेळ माझ्याजवळ राग होता, तो सरळ होता. आता तो कुठे ठेवावा ते कळेना. हा माणूस मला खोटी ठरवू देत नव्हता आणि त्यापायी एक जीव मारायला निघाला होता. मी म्हटलं, "माझ्या नावाचं मी बघेन, बाबा. त्या पाखराला दुसरं घरटं नाही." आणि न जेवता खोलीत गेले. भाजी तशीच राहिली.

सकाळी उजाडताच निघालो. बाबा न विचारता गाडीत येऊन बसले. अभनपूर मागे टाकलं. नहराशी, म्हणजे त्या कालव्याशी, वळलो तर आधीच गाड्या लागलेल्या. पिंपळाखाली एका कुटुंबानं चटई टाकली होती, पोहे खाणं चाललं होतं. मी बाबांना तिथेच रस्त्यावर उतरवलं.

"इथे उभे राहा आणि नव्या गाड्या अडवा. काहीही सांगा, पण आत सोडू नका."

"काय सांगू?"

"तुम्हीच बघा." मला त्यांच्याकडे बघायचंही नव्हतं.

धुऱ्यावर माणसंच माणसं होती. वर ड्रोन घोंघावत होतं. एक गृहस्थ कॅमेऱ्याची तिपाई लावून उभे होते आणि त्यांनी घरट्यावरचं गवत दोन्ही बाजूंनी तुडवून आडवं केलं होतं, म्हणजे फोटो स्वच्छ यावा. कोणाच्या तरी बुटाखाली दोन अंडी आली होती. दोन उघड्यावर पडलेली, उन्हात. नर कुठेही नव्हता. वरच्या तारेवर कावळे बसलेले.

"कुछ दिखा नहीं मैडम," तिपाईवाले मला म्हणाले. "सुबह से बैठे हैं. उड़ गया."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मराठीत सुरू केलं, हिंदीत संपवलं. ते म्हणाले, "पब्लिक प्लेस है." आणि नेमकं तेव्हाच जिचं शेत होतं ती बाई हातात काठी घेऊन आली. तिचा धान दोन्ही बाजूंनी लोळवला होता. "मोर धान ला रौंद डारिन," ती छत्तीसगढीत म्हणाली, आवाज न चढवता, आणि काठी अशी फिरवायला लागली की पब्लिक प्लेसचा प्रश्न निकालात निघाला. तिपाई गुंडाळली गेली, ड्रोन खाली आलं. मी खाली बसून आडवं झालेलं गवत हलक्या हातानं त्या दोन अंड्यांवर उभं केलं, आणि बाईला सांगितलं की आता थोडा वेळ कोणालाही येऊ देऊ नका, तुम्हीही जवळ जाऊ नका. "हव," ती म्हणाली.

पण लोक परत येणार होते. रील होतंच, रविवार अख्खा शिल्लक होता. मी नहराकडे पळत निघाले.

रस्त्यावर बाबा एका मोठ्या गाडीसमोर मधोमध उभे होते, छत्री आडवी धरून. काच खाली होती. मी त्यांच्या मागून येत होते, त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

"वापस जाओ," ते म्हणत होते. "यहाँ कुछ नहीं है."

"बाबाजी, वीडियो में तो आप ही थे. आप ही ने बताया, नहर, पीपल."

"झूठ बोला था."

"और वो फोटो? म्यूज़ियम में लगा है, इधर का ही तो लिखा है."

बाबा थांबले. मला वाटलं, आता ते जळवा सांगतील, चिखल सांगतील. त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नेट का है," ते म्हणाले. "मेरी बेटी ने नेट से उठाया. ऐसी चिड़िया अपने यहाँ होती ही नहीं."

शब्दन् शब्द स्वच्छ, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. आठवडाभर मी त्या आवाजावर दात खात होते. माझे पाय जागच्या जागी थांबले आणि मला रडू आलं, अगदी लहान पोरीसारखं, आणि रडता रडता चीडही येत होती, की मला न विचारता या माणसानं माझी सगळी अब्रू रस्त्यावर ठेवून दिली, आणि मला ते आवडलं.

मागच्या सीटवरच्या बाईनं मला ओळखलं. उद्घाटनाला आली असणार. "मैडम, आप ही हैं ना? ये सच बोल रहे हैं?"

बाबा वळले. मला पाहून त्यांचं तोंड इतकं पडलं की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. गाडीतल्या कोणीतरी फोन वर धरला होता.

मी डोळे पुसले. "हो, सच है," मी म्हटलं. "मेरा नहीं है वो फोटो. नेट का है. माफ कीजिए, आप लोगों को इतनी दूर आना पड़ा."

त्यांनी आम्हाला दोघांना मनसोक्त ऐकवलं. चीटिंग, शर्म आनी चाहिए, इस उम्र में. बाबांना बोलले ते मला लागलं, मला बोलले ते बाबांना. मग गाडी वळली. पुढच्या गाडीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, त्यापुढच्या गाडीला तर सांगावंही लागलं नाही. आमच्या कबुलीचा व्हिडिओ आधीच तिच्यापर्यंत पोचला होता. त्यांनी काच खाली करून फक्त आमचे चेहरे बघून घेतले. पिंपळाखालची चटईही उचलली गेली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा रस्त्यावर आमच्या गाडीशिवाय काही उरलं नाही.

आम्ही नहराच्या काठावर, घरट्यापासून पुष्कळ लांब, एका बाभळीच्या सावलीत बसलो. बाबांनी दुर्बीण माझ्याकडे दिली नाही, स्वतःच्याच डोळ्याला लावून ठेवली. किती अंडी उरली ते मी त्यांना सांगितलं.

तेवढ्यात दिवाकर सरांचा फोन आला. त्यांनीही बघितलं होतंच.

"मैडम, ये क्या सुन रहा हूँ? आपने खुद कैमरे पे बोला? म्यूज़ियम की इज़्ज़त का सवाल है."

"हो, बोलले."

"देखिए, मुझे पता है फोटो आपका है. ओरिजिनल फाइल भेज दीजिए. मैं अभी पोस्ट डालता हूँ कि असली है, अपने अभनपुर का है. सबका मुँह बंद."

चांगला माणूस आहे तो, खरंच. फाइल माझ्या फोनमध्ये होती, बोटाचं एक काम. आणि ती पोस्ट पडली की उद्या सकाळी पुन्हा नहर, पीपल, दूसरा खेत. पिल्लं निघाल्यावर खुलासा करता येईल, असं वाटून गेलं, पण खुलासे कोण बघतो? रील सगळे बघतात. माझ्या कचेरीत बघतील, मीरा बघेल, इतकी वर्षं माझ्याबरोबर चिखलात लोळलेले लोक बघतील.

"नाही सर," मी म्हटलं. "माझा नाही तो. काढून टाका."

"फिर तो मैडम, आपके सारे फोटो उतारने पड़ेंगे."

"उतरवा."

फोन बंद केला तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग त्यांनी हळूच दुर्बीण माझ्या हातात दिली आणि बोट दाखवलं. गवतापाशी पाण्यात काहीतरी हलत होतं. तो होता. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, शेपूट खालीवर करायचा, पुन्हा दोन पावलं. त्याला तिथवर पोचायला फार वेळ लागला. तारेवरचे कावळे अजून होते. मग तो गवतात शिरला, जरा इकडेतिकडे वळला आणि खाली बसला.

बाबा माझ्या कानाशी वाकले. त्यांना ते कधी जमलंच नाही, हळू बोलणं.

"पूर्णे, तुयाच हाय तो फोटो."

"माहीत हाय मले," मी म्हटलं. "हळू बोला, बाबा. तो बसून राह्यला."